बरणीच्या तळाचं पान

माझ्या बायकोला मातीचं वेड लागलं ते साठीच्या तोंडावर. तोवर आमच्या घरात चिनी मातीचं म्हणजे लोणच्याच्या दोन बरण्या, वरून तपकिरी आणि खालून पांढऱ्या, सासूबाईंनी साड्यांत गुंडाळून पाठवलेल्या. त्यांना कोणी कलाकृती म्हटलं असतं तर सासूबाई पोट धरून हसल्या असत्या. मग एके दिवशी बायको अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावातल्या एका जुन्या शाळेच्या तळघरात चालणारा वर्ग बघून आली आणि जेवताना म्हणाली, "मी जपानी पोर्सेलीन शिकणार आहे." मी म्हटलं, "आधी घरातले कप फोडायचं थांबव." तिनं उठून कॅलेंडरवरच्या शनिवारांना गोल केले. म्हणजे ठरलं होतं.

शिकवणारी जपानी बाई ऐंशीच्या घरातली. तिचे वडील तिकडे पोर्सेलीनच्या एका गावात भांड्यांवर चित्रं काढायचं काम करायचे. भांडी घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, अशी तिथली रीत. ती लग्न होऊन अमेरिकेत आली आणि नवरा गेल्यावर शिकवायला लागली. माझी बायको तिला शाळेतल्यासारखं "बाई" म्हणायची, म्हणून आमच्या घरातही ती बाईच झाली. बायकोला फ्रीवेवर गाडी चालवायचा कंटाळा, त्यामुळे ड्रायव्हर मी. कोपऱ्यात लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत असल्याचा आव आणायचा आणि बघत बसायचं, हा माझा शनिवार.

जपानी पोर्सेलीनवर रंग दोन जागी बसतो. झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली, नाहीतर वर. खालचा तो निळा. एकदा भाजलेल्या कोऱ्या भांड्यावर तो काढतात, तेव्हा तो निळा दिसतच नाही, चुलीतल्या राखेसारखा काळपट दिसतो. बाई तो गार झालेल्या चहात खलायची, त्यानं रेघ नीट धावते म्हणे. आधी बारीक कुंचल्यानं रेघा, मग पाणी पिऊन फुगलेल्या जाड कुंचल्यानं आतला भाग भरायचा. कोरं भांडं घटाघट पाणी पितं. हात जरा थबकला की डाग पडला, आणि तो पुसता येत नाही. मग भांडं दुधासारख्या पातळ झिलईत बुडवायचं, की चित्र गायब. भट्टीतून पुन्हा निघतं तेव्हा झिलईची काच झालेली असते आणि तिच्याखालून निळं चित्र वर आलेलं असतं. ते मग कायमचं. त्याला ना बोट लागत, ना आंबट लागत.

वरचे रंग नाजूक. तांबडा, हिरवा, पिवळा आणि सगळ्यात शेवटी सोनं. मोठ्या आचेत ते जळून जातात, म्हणून पक्क्या भाजलेल्या काचेवर शेवटी काढायचे आणि मंद आचेत चिकटवायचे. हिरवा तर फासायचा नाही, जाड थेंबासारखा उचलून ठेवायचा. भाजल्यावर तो पाण्यानं काठोकाठ भरल्यासारखा दिसतो. बाई म्हणायची, खालच्या रंगाला धीर लागतो आणि वरच्याला धाडस. माझ्या बायकोकडे धीर कधीच नव्हता, त्यामुळे ती थेट वरच्या रंगांत शिरली.

वर्गात हिरवा असायचा तो नवा, बाटलीतला. बायकोनं त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पुदिन्याची चटणी. तिला हवा होता आंब्याच्या जून पानाचा हिरवा. तसा हिरवा बाईकडे होता. वडिलांच्या कामाच्या जागेतून आणलेली पूड चहाच्या पत्र्याच्या डब्यात, फडताळात सगळ्यात वर. तो शोभेच्या वस्तूंसाठीच, असं बाई म्हणायची. दुर्मिळ आहे म्हणून जपते, असं मी धरून चाललो. बायको त्या डब्याच्या मागे लागली ती लागलीच. हट्टाच्या बाबतीत आमच्या घरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग पोटाचा कॅन्सर निघाला. तेव्हा मात्र बाईनं न मागता तो डबा खाली काढला.

बायकोनं एक बरणी करायला घेतली. आकार तोच, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीचा, पण अंगानं पांढरीशुभ्र आणि पातळ. बाहेरून निळ्या रेघेची आंब्याची डहाळी, झिलईच्या खाली. केमोच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती जायची, तासभर बसायची, रेघ हलायला लागली की मला खूण करायची. जपानी लोक भांड्याच्या आत, अगदी तळाशी, एखादं छोटं चित्र काढतात, जेवण संपल्यावरच दिसणारं. हे तिला फार आवडलं होतं. तिनं जुन्या हिरव्यानं बरणीच्या तळाशी एक पान काढलं आणि झाकणाच्या आत एक. लांब कुंचला बरणीच्या तोंडातून आत घालून, श्वास रोखून. "उघडेल त्यालाच दिसेल," ती म्हणाली. भाजून आल्यावर मी टॉर्च मारून पाहिलं. पान ओलं वाटत होतं, आत्ताच तोडून टाकल्यासारखं.

शेवटच्या आठवड्यांत ती घरीच होती, औषधाच्या गुंगीत. बरणी समोरच्या फळीवर ठेवली होती. एकदा डोळे उघडून तिकडे बघत म्हणाली, "ती रिकामीच ठेवा हं. काही भरू नका." मी हो म्हटलं. तेव्हा ती काहीही म्हणाली असती तरी मी हो म्हटलं असतं. आमच्या मुलीला वाटलं, आईला ती बरणी स्वतःची आठवण म्हणून तशीच राहायला हवी आहे. मलाही तेच वाटलं. दोन दिवसांनी बायको गेली. मुलीला तेव्हा दिवस गेले होते, हे जायच्या आधी बायकोला कळलं होतं एवढंच काय ते समाधान.

नंतर मुलगी आणि जावई माझ्याकडेच राहायला आले. नात झाली. दोघांच्या नोकऱ्या, आणि मी रिटायर्ड, म्हणजे फुकटचा आजोबा. मी भाषेच्या बाबतीत कडक. मुलगी इंग्लिशमध्ये बोलायची, मी नातीशी मराठीतच. नात वर्षाची झाली आणि माझी तारांबळ बघून नागपूरहून बायकोची थोरली बहीण आली, ताई. आल्याआल्या तिनं किचनचा ताबा घेतला, माझे डबे हलवले, मला चहात साखर जास्त म्हणून बोलली. घरात पुन्हा कोणीतरी रागावणारं आलं, याचं मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या आल्या तेव्हा ताईनं मोरांबा केला. निवल्यावर तिनं फळीवरची बरणी काढली. मी म्हटलं, "ताई, ती तिनं रिकामी ठेवायला सांगितली होती."

"जाणारं माणूस असं बोलतेच, भाऊजी," ताई म्हणाली. "रिकामी बरणी कोणी घरात ठेवते का? लेकुरवाळ्या घरात तर नाहीच नाही. आमची आई मूठभर तांदूळ तरी घालून ठेवे. आणि चिनी मातीच्या बरणीत नाही ठेवायचा तर मोरांबा काय प्लॅस्टिकमध्ये ठेवू?"

मोरांबा चिनी मातीतच टिकतो, पितळेत कळकतो, स्टीलची चव लागते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला पाळण्यापासून माहीत असतं. मुलगी ऑफिसातून आली, बरणी बघून डोळे पुसत म्हणाली, "इट्स ओके बाबा. आईला आवडलं असतं. इट शुड बी यूज्ड." जावयानं फोटो काढला.

मोरांबा नातीला असा लागला की विचारू नका. पोळीच्या तुकड्यावर, भातावर, नुसताही. काऊचा घास, चिऊचा घास हे ताईनं शिकवलं आणि मुलीनं त्यात भर घातली. बरणीतून चमचा काढायचा आणि म्हणायचं, "हा घास आजीचा." नात 'आ' करायची, तो चिमणीच्या पिल्लासारखा सगळं तोंड उघडून. न पाहिलेल्या आजीच्या हातचं नातीच्या पोटात जातंय, असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. एक बरणी संपली की ताई दुसरी करायची. कैरी नसली की फ्रोजन कैरी. संपत आलेल्या बरणीच्या तळाशी पानाचं हिरवं दिसायचं, पण पाकातून ते नीट दिसत नसे आणि बरणी धुवायच्या आत ताई ती पुन्हा भरत असे.

दोन वर्षांची तपासणी झाली. इथे लहान मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन शिसं तपासतात. वर्षाची असताना काहीच निघालं नव्हतं. या वेळी दवाखान्यातून फोन आला. पुन्हा दंडातून रक्त घेतलं. मुलगी नातीला घट्ट धरून बसली होती आणि नात "आं, आं" करून रडत होती. शब्द नव्हतेच तिच्याकडे. बोलायला उशीर लागतोय हे आम्हाला दिसत होतं, पण दोन भाषांमधलं पोर उशिरा बोलतं, असं जो तो सांगायचा. मीच सगळ्यात जास्त सांगायचो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वाईट आला.

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यातून एक तरुण तपासनीस घर बघायला आली. शिसं मोजणारं, हेअर ड्रायरसारखं एक यंत्र घेऊन. घर नवं आहे, भिंतींना शिशाचा जुना रंग नाही, हे तिनं पाच मिनिटांत मान्य केलं. मग म्हणाली, मसाले दाखवा. हळद, तिखट, कुंकू, काजळ, पितळेची समई, देवाची घंटा. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आमची हळद काय गुन्हेगार आहे का? इथे आलेल्या प्रत्येकाला आधी आमच्या डब्यांचाच वास येतो." मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, प्लीज, स्टॉप. शी इज हेल्पिंग." ती तपासनीस शांतपणे एकेक डब्यावर यंत्र धरत राहिली. हळदीत काही नाही. कुंकवात काही नाही. समईतही जुजबी. मी विजयी चेहरा करून उभा होतो, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

तिनं विचारलं, बाळ रोज काय खातं? ताईनं कौतुकानं बरणी पुढे केली. "हे सांगा तिला, हे रोज." मी भाषांतर केलं. तपासनीस बाहेरच्या निळ्या डहाळीवर यंत्र धरून म्हणाली, हे ठीक आहे. मग झाकण उलटं केलं, यंत्र धरलं, आकडा पाहिला आणि पुन्हा धरलं. मोरांबा एका वाडग्यात काढायला सांगितला. बरणी मी स्वतः धुतली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

तळाचं पान कोमेजलं होतं. ओलेपणा गेला होता, चकाकी गेली होती. वर पांढुरकी साय धरल्यासारखं झालं होतं आणि एका कडेनं ते खरवडल्यासारखं उघडं पडलं होतं. जे गेलं होतं ते कुठे गेलं, हे कोणी सांगायची गरज नव्हती. ताईला इंग्लिश फारसं कळत नाही, पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाडग्यातला मोरांबा सिंकमध्ये ओतून नळ मोठा सोडला.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलं. रक्तातलं हळूहळू उतरेल, हाडांतलं वर्षानुवर्षं राहील. औषध द्यावं इतकं जास्त नाही, काहीच नाही म्हणावं इतकं कमी नाही. लोह द्या, कॅल्शियम द्या, स्पीच थेरपी लावा. मुलीनं विचारलं, ती बोलत नाही ते यामुळेच का? डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. असूही शकेल, किंवा तशीही ती उशिरा बोलली असती. मुलगी म्हणाली, "मग कधी कळेल?" डॉक्टर म्हणाले, कदाचित शाळेत गेल्यावर, कदाचित कधीच नाही. माणसाला वाईट बातमी सोसते. ही बातमी अशी होती की रोज सकाळी उठून पुन्हा ऐकावी लागते.

मी बाईकडे गेलो ते भांडायलाच. ती तळघरात एकटीच होती, एका ताटलीवर तांबड्या रेघा ओढत. मी सगळं सांगितलं. तिनं कुंचला खाली ठेवला, उठली आणि कमरेतून वाकली, इतकी की तिचं डोकं टेबलाला लागेल असं वाटलं. आणि तशीच राहिली. मला तो नमस्कार नको होता. मला तिनं उलट बोलायला हवं होतं, म्हणजे मला ओरडता आलं असतं. शेवटी ती उभी राहून म्हणाली, "तिला माहीत होतं. मी सांगितलं होतं, या हिरव्यात शिसं आहे, आंबट लागलं की सुटतं. माझे वडील लिंबाची फोड ठेवून दाखवायचे. ती म्हणाली, रिकामीच ठेवीन." जुन्या हिरव्याचा तो डबा फडताळात नव्हता. तो कुठे गेला हे मी विचारलं नाही.

परतताना फ्रीवेवर मी गाडीत एकटाच बायकोशी भांडलो. मोठ्यानं. जन्मभर एका वाक्याच्या जागी दहा वाक्यं बोललीस, आणि इथे एक वाक्य जास्त बोलायला काय झालं होतं? रिकामी ठेवा का, ते सांगायला काय झालं होतं? मग आठवलं की तेव्हा तिला पाणी मागायलाही दोन प्रयत्न लागत होते. मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. ती गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

मुलीला बरणी फोडायची होती. जावयानं अडवलं, तुकडे उडतील, पूड होईल, घरात बाळ फिरतंय. मग ती बरणी गराजमध्ये प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून राहिली. ती तिथे आहे हे माहीत असल्यानं मुलगी गराजमध्ये जाईना. एका सकाळी मी ती घेऊन काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर गेलो. रंगाचे डबे, बॅटऱ्या, कीटकनाशकं घेऊन गाड्यांची रांग लागली होती. हातमोजे घातलेल्या माणसानं विचारलं, आत काही आहे का? मी म्हटलं, नाही, रिकामी आहे. त्यानं ती रंगाच्या डब्यांशेजारी ठेवली आणि मागच्या गाडीला खूण केली.

ताई तिकीट अलीकडचं करून परत गेली. विमानतळावर तिनं नातीला हात लावला नाही, लांबूनच दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. अजून दर रविवारी फोन करते, माझी तब्येत विचारते, हवा विचारते आणि शेवटी विचारते, "बोलते का हो ती?" मी सांगतो, अजून नाही. मग ती फोन ठेवते.

घर आता फार नीट असतं. मुलगी प्रत्येक ताटली, प्रत्येक कप तपासून घेते. जपानी पोर्सेलीन तर नाहीच, पण सासूबाईंच्या त्या दोन तपकिरी बरण्याही गेल्या. जेवण काचेच्या भांड्यांत. मी नातीला काही भरवायला गेलो की मुलगी हातातलं काम थांबवून बघते. माझा राग येत नाही तिला, असं ती म्हणते. मी विश्वास ठेवतो. वाद घालायची माझी सवय गेली आहे.

स्पीच थेरपिस्ट घरी येते, फुगे फुगवते, बाहुलीला जेवू घालते आणि थांबते. "वेट फॉर हर," असं तिनं शिकवलंय. मूल मागेल तोवर द्यायचं नाही. त्यामुळे आमचं घर सतत वाट बघत असतं. मुलगी नातीच्या तोंडाकडे अशी बघते की तिला खोकला आला तरी ती पुढे सरकते.

मागच्या आठवड्यात दुपारी मी नातीला कडेवर घेऊन उभा होतो. मुलगी घरूनच काम करत होती, टेबलाशी. नातीनं एकाएकी अंग टाकून हात लांब केला, बरणी असायची त्या फळीकडे. फळी तशीच आहे, तिथे दुसरं काही ठेवायला कोणाचा हात झाला नाही. मी थेरपिस्टनं सांगितल्याप्रमाणे थांबलो. नातीनं ओठ हलवले, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वच्छ, कोणालाही कळेल असं म्हणाली, "आजी."

मुलीची खुर्ची मागे पडली. ती धावत आली, हसत होती, रडत होती. "से इट अगेन, बाळा! पुन्हा म्हण, पुन्हा म्हण!"

"आजी," नात म्हणाली. आणि रिकाम्या फळीकडे बघत तिनं घासासाठी तोंड उघडलं.